स्टॉक शिल्लक असूनही एमआरपी शॉर्टेज दाखवते: लॉटच्या इफेक्टिव्ह डेटमुळे होणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

तक्रार साधारण अशी येते. स्टोअरच्या स्क्रीनवर हजार किलो माल दिसतो, रॅकवर तो प्रत्यक्षात आहेही, आणि तरी रात्रीच्या एमआरपी रननंतर (एमआरपी म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग: कोणता माल कधी आणि किती लागेल, याचं सिस्टिम काढते ते गणित) सकाळी त्याच आयटमवर शॉर्टेज आणि सोबत नव्या खरेदीची सूचना. प्लॅनर ती सूचना हाताने काढून टाकतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. याच्या उलट प्रकारही तितकाच नेहमीचा आहे: प्लॅनमध्ये सगळं व्यवस्थित, वर्क ऑर्डर (उत्पादनाचा आदेश) रिलीज झाली, माणसं मशिनपाशी उभी, आणि इश्यू करताना, म्हणजे स्टोअरमधून माल लाइनला देताना, सिस्टिम सांगते की हा लॉट आज वापरता येणार नाही.

आयटम लॉट कंट्रोलवर असेल, म्हणजे एका वेळी आलेल्या किंवा बनलेल्या मालाचा प्रत्येक गट (लॉट) वेगळा नोंदला जात असेल, तर या दोन्ही तक्रारींत मी पहिल्यांदा लॉटच्या तारखा उघडून बघतो. सूचना पुसत राहण्याने काही सुटत नाही, कारण एमआरपी तिला दिलेल्या तारखांवर बरोबरच गणित करत असते. चूक तारखेत असते, किंवा ती तारीख कोण कशी वाचतं यात असते.

हातातला स्टॉकसुद्धा तारखेचा असतो

एमआरपीचं सगळं गणित तारखांवर उभं आहे. अमुक तारखेला किती लागणार, त्या तारखेपर्यंत किती हातात असेल, किती येऊ घातलंय, आणि वजाबाकी उणे आली तर लीड टाइम (ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचे दिवस) मागे मोजून ऑर्डर कधी टाकायची. पीओला, म्हणजे खरेदी ऑर्डरला, ड्यू डेट (माल येण्याची ठरलेली तारीख) असते, वर्क ऑर्डरला पूर्ण होण्याची तारीख असते. शिल्लक स्टॉक मात्र आपण बिनतारखेचा धरतो: आज आहे, म्हणजे उद्याही आहे. लॉट कंट्रोल नसलेल्या नट-बोल्टला हे चालून जातं. लॉटला इफेक्टिव्ह डेट, म्हणजे तो वापरायला खुला होण्याची तारीख, लागली, की तोच स्टॉक त्या तारखेला 'येणारा' पुरवठा होतो. एक्सपायरीही लागली, की तो एका तारखेला निघून जाणाराही होतो.

इफेक्टिव्ह डेट पुढची का असते, याची कारणं खरी आणि ठोस असतात. निर्जंतुक औषधांच्या स्टेरिलिटी टेस्टला नमुना १४ दिवस इन्क्युबेट करावा लागतो. तोवर लॉट कितीही चांगला दिसला तरी वापरायचा नाही. काँक्रीटची ताकद रूढ पद्धतीत २८ दिवसांनी ठरते. काही रबर कंपाउंड मिक्सिंगनंतर विश्रांती दिल्याशिवाय मोल्डिंगला घेत नाहीत. म्हणून शॉर्टेज दिसली की इफेक्टिव्ह डेट मागे ओढून आजची करायची, हा मोह टाळाच. प्लॅन त्या दिवशी हिरवा होईल, पण न तपासलेला माल लाइनवर जायचा रस्ता मोकळा झालेला असेल.

एक आयटम जवळून बघू

समजा आज १ जून. एका रेझिनचे तीन लॉट स्टोअरमध्ये आहेत.

लॉट अ: ३०० किलो, इफेक्टिव्ह १० मे, एक्सपायरी २० जून.
लॉट ब: ५०० किलो, इफेक्टिव्ह १५ जून, एक्सपायरी १५ डिसेंबर.
लॉट क: २०० किलो, इफेक्टिव्ह १ मे, एक्सपायरी ३० जून.

अ हा क नंतर मिळाला, पण पुरवठादाराकडेच तो जुना झालेला होता, म्हणून आधी संपतो. असं सर्रास होतं.

गरज अशी: ५ जूनला २००, १२ जूनला २००, २५ जूनला ३००, १० जुलैला २५०. एकूण ९५०, आणि स्टॉक १०००. नुसत्या बेरजेने ५० किलो उरायला हवेत.

आधी एक्सपायर होणारा आधी, म्हणजे फेफो लावला तर: ५ जूनला अ मधून २००. १२ जूनला अ मधले उरलेले १०० आणि क मधले १००. २५ जूनला क मधले शेवटचे १०० आणि ब मधले २००. १० जुलैला ब मधून २५०. शेवटी ५० किलो उरले, काहीच वाया गेलं नाही.

आता हाच स्टॉक, हीच गरज, फक्त नियम बदलून जो लॉट आधी इफेक्टिव्ह तो आधी. ५ जूनला क चे २०० गेले. १२ जूनला अ मधून २००. अ मधले १०० किलो २० जूनला एक्सपायर झाले. २५ जूनला ब मधून ३००, आणि १० जुलैला हातात फक्त २००. ५० किलोंची शॉर्टेज. एक किलोही कमी आलेला नाही, कोणी जास्त वापरलेला नाही, तरी १०० किलो वाया गेले आणि वर ऑर्डर अडली. म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा: एमआरपी नेटिंग करताना, म्हणजे गरजेतून स्टॉक वजा करताना, लॉट कोणत्या क्रमाने खाते, आणि इश्यू स्क्रीन कोणत्या क्रमाने सुचवते? दोघांचा क्रम वेगळा असेल तर प्लॅन आणि प्रत्यक्ष यांची गाठ पडणार नाही.

अजून एक पायरी. २५ जूनची ३०० किलोंची ऑर्डर ग्राहकाने १३ जूनवर आणली असं धरा. एकूण गरज तीच, ९५०. फेफोप्रमाणे १३ तारखेला क मधले फक्त १०० उरतात. २०० ची शॉर्टेज. लॉट ब समोर रॅकवर आहे, पण तो १५ जूनपर्यंत मोजला जात नाही. लीड टाइम २१ दिवसांचा असेल तर एमआरपी म्हणेल, ही ऑर्डर २३ मेला टाकायला हवी होती. लाल संदेश येईल. किमान खरेदी ५०० किलोंची असेल तर सूचना ५०० ची. घाबरून ती खरेदी केली, तर माल २२ जूनला येईल, त्यावर १४ दिवसांची तपासणी, म्हणजे वापरायला ६ जुलै. जी अडचण १५ जूनला आपोआप मिटणार होती, तिच्यासाठी ५०० किलो जास्तीचा माल, आणि त्यालाही एक्सपायरी आहेच. काही महिन्यांनी हाच जास्तीचा माल एक्सपायर झाला की एका रात्रीत स्टॉक गळतो, आणि पुन्हा शॉर्टेज. चक्र फिरतं ते असं.

यातून एक साधी कसोटी मिळते, आणि माझ्या मते सगळ्या तपासणीत तीच सगळ्यात उपयोगी आहे. नव्या सुचवलेल्या ऑर्डर बाजूला ठेवून प्रोजेक्टेड बॅलन्स (पुढच्या तारखांना किती माल शिल्लक दिसतो तो आकडा) बघा. बॅलन्स उणे होऊन काही दिवसांनी, एखाद्या लॉटच्या इफेक्टिव्ह डेटला, आपोआप वर येतो का? येत असेल तर प्रश्न वेळेचा आहे. मग उपाय दोनच: क्वालिटीकडून लॉट लवकर सोडवता येतो का ते विचारायचं, किंवा ऑर्डर दोन दिवस पुढे न्यायची. बॅलन्स उणेच राहत असेल तर माल खरंच कमी आहे, खरेदी करा.

माल आल्यावरच शॉर्टेज उगवते

हे लक्षण दिसलं की कारण जवळजवळ हमखास एकच निघतं. पीओ उघडी असते तोवर प्लॅन सुरळीत. माल गेटमधून आत आला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला, आणि दुसऱ्या दिवशी शॉर्टेज.

पीओ उघडी असताना एमआरपी तिला ड्यू डेटला पूर्ण उपलब्ध धरते. लॉट अजून जन्मालाच आलेला नसतो, त्यामुळे त्याला इफेक्टिव्ह डेटही नसते. जीआरएन होताच लॉट तयार होतो आणि त्यावर १४ दिवस पुढची इफेक्टिव्ह डेट बसते. पुरवठा एका रात्रीत १४ दिवस पुढे सरकतो, आणि मधल्या गरजा उघड्या पडतात. दर खेपेला हेच.

इलाज आयटम मास्टरमध्ये, म्हणजे आयटमच्या कायमच्या नोंदीत, आहे. माल आल्यापासून वापरायोग्य होईपर्यंतचे दिवस तिथे नोंदवा, म्हणजे एमआरपी पीओचा माल ड्यू डेटला न धरता १४ दिवसांनी धरेल आणि ऑर्डरही तितकी आधी सुचवेल. सिस्टिमप्रमाणे या फील्डचं नाव बदलतं. कुठे तो लीड टाइमचाच एक भाग असतो, कुठे तपासणीचे दिवस किंवा मॅच्युरिटीचे दिवस म्हणून वेगळा.

मात्र इथे एक सांभाळा. खरेदी विभागाने पूर्वीच अंदाजाने लीड टाइममध्ये हे १४ दिवस मिळवून ठेवलेले असतात, ते बहुतेकांना आठवत नाही. मग वरून १४ दिवसांचं फील्ड भरलं की तेच दिवस दोनदा धरले जातात. माल गरजेपेक्षा दोन आठवडे आधी येऊन पडतो आणि त्याची शेल्फ लाइफ (वापरण्यायोग्य राहण्याचा काळ) रॅकवर जळत राहते. पुरवठादाराचा लीड टाइम आणि आपल्या तपासणीचे दिवस सुटे मांडून, बेरीज कागदावर करून मगच बदल करा.

स्टेटस एक सांगतं, तारीख दुसरं

लॉटची उपलब्धता दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक तारीख, दुसरं स्टेटस: होल्ड, तपासणीत, रिलीज. त्यात लोकेशनची भर: काही लोकेशनचा स्टॉक प्लॅनिंगमध्ये धरायचा, काहींचा नाही. एमआरपी यातलं एक वाचते आणि इश्यू स्क्रीन दुसरं, असं झालं की घोळ ठरलेला.

क्वालिटीने चाचणी लवकर पास केली, स्टेटस रिलीज केलं, पण तारीख तशीच राहिली. मग शॉप फ्लोअर तो लॉट वापरू शकतो आणि एमआरपीला तो दिसत नाही. उलट, इफेक्टिव्ह डेट उलटून गेली पण चाचणी अडकलेली, स्टेटस होल्डच. मग एमआरपी तो मोजते आणि इश्यूला सिस्टिम अडवते. सुरुवातीला सांगितलेली दुसरी तक्रार बहुतांशी इथलीच असते.

आपली सिस्टिम नेमकं काय वाचते, हे गृहीत धरू नका. सॅप या सॉफ्टवेअरमध्ये तपासणीतला स्टॉक नेहमीच्या एमआरपीत उपलब्ध धरला जातो, आणि ब्लॉक्ड स्टॉक धरायचा की नाही हे प्लांटच्या सेटिंगवर ठरतं. म्हणजे तिथे 'तपासणीत आहे' एवढ्याने लॉट प्लॅनमधून बाहेर जात नाही. दुसऱ्या सिस्टिमचा अनुभव घेऊन आलेला माणूस नेमका इथे फसतो.

रिलीज करणाऱ्या माणसाला तारीख आणि स्टेटस एकाच स्क्रीनवर, एकाच वेळी बदलता येतील अशी सोय करून घ्या. ती जमत नसेल, तर दोन्हींत विसंगती असलेल्या लॉटची रोजची यादी निघाली पाहिजे. 'तारीख गेली पण होल्ड' आणि 'रिलीज पण तारीख पुढची' या दोन रकान्यांची यादी सकाळच्या मीटिंगला समोर असली, तर निम्म्या तक्रारी प्लॅनरपर्यंत पोचणारच नाहीत.

एक्सपायरी कधी कळते

एमआरपीला एक्सपायरी पुढून दिसत असेल, तर लीड टाइमइतकं आधी ती बदली माल सुचवते. दिसत नसेल, तर लॉट एक्सपायर होतो त्या रात्री स्टॉक गळतो आणि सकाळी एकदम शॉर्टेज. तेव्हा २१ दिवसांचा लीड टाइम हातात नसतो. अनेक सिस्टिममध्ये शेल्फ लाइफ प्लॅनिंगमध्ये धरणं हा वेगळा पर्याय असतो आणि तो मुद्दाम चालू करावा लागतो. आधी तो तपासा.

ओळखण्याची खूण: शॉर्टेजचा पूर दर महिन्याच्या १ तारखेला येतो का? लेबलवर फक्त महिना आणि वर्ष छापलेलं असतं तेव्हा एक्सपायरी सर्वसाधारणपणे त्या महिन्याची अखेर धरतात, म्हणून लॉट महिनाअखेरीला घोळक्याने संपतात. त्यातही कोणी महिना-वर्षाची तारीख महिन्याची १ अशी भरली असेल, तर चांगला माल महिनाभर आधीच बाद होतो.

एक्सपायरीचा दिवस धरायचा की नाही, हाही वादाचा मुद्दा. २० जून एक्सपायरी म्हणजे २० ला वापरता येईल की १९ ला शेवटचा? एमआरपी आणि इश्यू स्क्रीनचं उत्तर एकच हवं. ग्राहकाला माल पोचताना ६० दिवस शेल्फ लाइफ शिल्लक हवी असेल, तर त्या ऑर्डरपुरती त्या लॉटची खरी शेवटची तारीख एक्सपायरीच्या ६० दिवस आधी आहे. फिनिश्ड मालात शॉर्टेजचं हे कारण फार वेळा सुटून जातं, कारण लॉट एक्सपायर झालेला नसतोच.

सेफ्टी स्टॉकही, म्हणजे अडीअडचणीसाठी राखलेला साठाही, पडताळून बघा. सेफ्टी स्टॉक म्हणून जो आकडा धरलाय, तो पुढच्या आठवड्यात संपणाऱ्या लॉटचा असेल तर तो आधार कागदावरचा आहे.

भरताना बिघडलेल्या तारखा

तपासणीत हमखास सापडणारी एक चूक: दिवस आणि महिना यांची अदलाबदल. पुरवठादाराच्या फाइलमधून 'दिवस-महिना' आलं आणि इंपोर्टने 'महिना-दिवस' वाचलं, की ५ जून ही तारीख ६ मे होते. १३ तारखेपासून पुढे ही चूक होऊच शकत नाही, कारण तेरावा महिना नसतो. सिस्टिम एरर देते आणि कोणीतरी ती हाताने दुरुस्त करतं. म्हणून बिघडलेल्या लॉटच्या मूळ तारखा महिन्याच्या १ ते १२ मध्येच सापडत असतील, तर इंपोर्टचा फॉरमॅट उघडून बघा.

रिकामी इफेक्टिव्ह डेट ही दुसरी. रिकामं म्हणजे कायम उपलब्ध, की कधीच नाही? दोन्ही पद्धतीच्या सिस्टिम आहेत. फील्ड सक्तीचं करणं हा स्वच्छ मार्ग.

लॉट फोडणं, जोडणं आणि रिपॅकिंग इथे जास्त जागरूक राहायला हवं, कारण हा प्रश्न प्लॅनिंगच्या पलीकडे सुरक्षिततेपर्यंत जातो. ड्रममधून कॅन भरले, नवा लॉट नंबर दिला, आणि सिस्टिमने त्याला आजची तारीख लावून पूर्ण शेल्फ लाइफ दिली, तर जुना माल कागदावर तरुण झाला. फोडलेल्या लॉटने मूळ लॉटच्या तारखा घेतल्या पाहिजेत; जोडलेल्या लॉटने सगळ्यांत आधीची एक्सपायरी आणि सगळ्यांत नंतरची इफेक्टिव्ह डेट. शॉप फ्लोअरवरून परत आलेल्या उरलेल्या मालाला मात्र मूळ तारखाही नेहमी पुरत नाहीत. ओलाव्याला संवेदनशील इलेक्ट्रॉनिक भागांचं पाकीट उघडलं की लेव्हल ३ च्या (ओलाव्याच्या संवेदनशीलतेची श्रेणी) भागांना ३०° सेल्सियस आणि ६० टक्के आर्द्रतेपर्यंतच्या हवेत १६८ तासच मिळतात. ते पाकीट स्टोअरला परत येऊन मूळ एक्सपायरीनेच नोंदलं गेलं, तर प्लॅनमध्ये असलेला माल लाइनवर वापरता येणार नाही.

बकेटचं, म्हणजे प्लॅनमध्ये गरजा एकत्र मोजायच्या कालखंडाचं, थोडक्यात: प्लॅन आठवड्याच्या बकेटमध्ये असेल आणि लॉट गुरुवारी इफेक्टिव्ह असेल, तर त्याच आठवड्यातल्या सोमवारची गरज त्यातून भागलेली दिसते. जवळच्या काही आठवड्यांसाठी रोजची बकेट ठेवा. आणि बीओएमवरच्या (उत्पादनाला लागणाऱ्या भागांच्या यादीवरच्या) इफेक्टिव्ह डेट वेगळ्या, त्या कोणता भाग कधीपासून लागणार हे ठरवतात. लॉटच्या तारखा नीट असूनही गरजच चुकीच्या भागावर पडत असेल, तर तिकडे बघा.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

आधी एकच आयटम घ्या, सतत त्रास देणारा. त्याच्या सगळ्या लॉटची यादी काढा: प्रमाण, लोकेशन, स्टेटस, इफेक्टिव्ह डेट, एक्सपायरी. स्टोअरमध्ये जाऊन लेबलशी ताडून बघा. हे काम स्क्रीनवरून होत नाही. मग वर केली तशी फेफोची वाटणी कागदावर करा आणि एमआरपीच्या पेगिंगशी (कोणती गरज कोणत्या पुरवठ्यातून भागवली याच्या जोडणीशी) जुळवा. जिथे पहिल्यांदा फरक पडतो, तिथेच कारण असतं.

त्यानंतर मास्टर डेटा, मग उघडे लॉट, आणि सगळ्यांत शेवटी एमआरपीची सेटिंग. हा क्रम उलटा केला तर चुकीच्या तारखांना सोयीची सेटिंग शोधली जाते, आणि मग दुसऱ्या आयटमवर ती उलटते. शेल्फ लाइफचा पर्याय पहिल्यांदा चालू करणार असाल तर टेस्ट सिस्टिममध्ये रन घ्या: जुन्या चुकीच्या एक्सपायरी एकदम प्लॅनमध्ये आल्या की खरेदीच्या सूचनांचा डोंगर उभा राहतो, आणि खरेदी विभागाचा नव्या व्यवस्थेवरचा विश्वास पहिल्याच दिवशी उडतो.

दुरुस्ती टिकली का हे बघायला एका नव्या पीओचा माल पूर्ण प्रवासात पाहा. पीओ उघडी असताना एमआरपीने उपलब्धतेची कोणती तारीख धरली, जीआरएननंतर लॉटवर कोणती इफेक्टिव्ह डेट बसली, रिलीजनंतर ती बदलली का. पहिल्या दोन तारखा सारख्या हव्यात. तिसरी लवकरची असेल तर त्याच रात्रीच्या रनमध्ये प्लॅन तितका अलीकडे सरकलेला दिसला पाहिजे. दिसला नाही तर रिलीजच्या स्क्रीनवर अजून काम बाकी आहे.